तिसऱ्या गाण्यानंतरचं हसू

शुक्रवारी सकाळी गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेलेली ताई रविवारपर्यंत घरच्यांशी धड बोलली नव्हती. गुडघ्यात काहीच निघालं नाही. जे निघालं ते एक्स-रे काढणाऱ्या माणसाच्या फोनमधून.

"हलू नका हं बाई," असं बजावून तो काचेपलीकडे गेला आणि कामाच्या नादात त्याने फोनवर एक गाणं लावलं. पहिल्या ओळीला ताईला वाटलं, आवाज ओळखीचा आहे. दुसऱ्या ओळीला तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आवाज तिचाच होता. एकवीस वर्षांपूर्वीचा, सदतिसाव्या वर्षीचा.

"बाई, हललात. परत काढावा लागेल."

"हे गाणं कुठून मिळालं तुम्हाला?"

"हे होय? कॉलेजात असताना नेटवरून उतरवलं होतं. आमच्या अख्ख्या होस्टेलवर होतं. परीक्षेच्या आधी दिवसभर हेच चालायचं. आवडलं का? सगळीच पाठवतो की तुम्हाला."

ताईने फोन नंबर दिला. 'मी गायलेय' हे शब्द जिभेवर येऊन परत फिरले. कारण तिला पक्कं माहीत होतं, की तिची सीडी कुणीही ऐकलेली नाही. नऊ गाण्यांची ती एकुलती एक सीडी दुकानांतून खोकीच्या खोकी परत आली होती. त्यानंतर ताई शाळेतल्या मुलांना गाणं शिकवण्यापुरती गायली, एवढंच. आणि इथे एक अनोळखी माणूस म्हणत होता, अख्ख्या होस्टेलवर!

घरी जाऊन तिने दाराला आतून कडी घातली आणि नऊच्या नऊ गाणी ऐकली. तिसरं गाणं संपलं, आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली. मग तिने ते पुन्हा लावलं. पुन्हा.

रविवारी सकाळी दादाचा स्टुडिओ रिकामा करायला सगळ्यांनी जमायचं, असं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. दादाच्या घराचा तळमजला म्हणजे त्याचा स्टुडिओ. चाळीस वर्षं त्याने तिथे लोकांचे आवाज मुद्रित केले होते. आता कानाने दगा द्यायला सुरुवात केली होती आणि खाली चष्म्याचं दुकान येणार होतं.

ताई पोचली तेव्हा धाकटा भाऊ शिडीवर चढून छताचा फोम उपटत होता. त्याला लहानपणापासून छोटू म्हणत, आणि सहा फूट उंचीचा हा लिफ्ट मेकॅनिक पन्नाशी उलटली तरी छोटूच राहिला होता. वहिनी जुन्या उशांच्या अभ्र्यांत माइक गुंडाळत होत्या. औषधाच्या दुकानात आयुष्य गेलेलं, त्यामुळे प्रत्येक अभ्र्यावर चिठ्ठी चिकटवल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नव्हता. त्यांची मुलगी भिंगरी कोपर आणि अंगठ्याभोवती केबल गुंडाळत बसली होती. लहानपणी घरभर गरगरायची म्हणून भिंगरी. आता लोकांचे दात काढायची. दादा सगळ्यांकडे पाठ करून मोठ्या मिक्सरचे स्क्रू काढत होता.

"आली ताई! चला, चहा टाका आता कुणीतरी," छोटू वरून ओरडला.

"चहा नंतर. आधी जरा हातातली कामं ठेवा. एक ऐकवायचंय."

तिने फोन टेबलावर ठेवला. निम्मा फोम निघाल्यामुळे खोलीत आवाज घुमत होता. पहिल्या ओळीलाच छोटू शिडीवरून खाली उतरला.

"अगं, हे तर तुझं! काय आवाज होता गं तुझा, ताई!"

ताईने एक्स-रेवाल्याची हकिगत सांगितली. छोटूला आनंद आवरेना. "म्हणजे आमची बहीण होस्टेलं गाजवत होती आणि आम्हाला पत्ताच नाही! दादा, ऐकलंस का?"

दादाने मान वळवली नाही. स्क्रू फिरवणारा हात मात्र थांबला होता.

"पुढचं ऐक," ताई म्हणाली.

गाणं संपलं, वाद्यांचा नाद विरत गेला, आणि एकदम कुणीतरी खुदकन हसलं. मोकळं, सुटल्यासारखं हसू.

"तूच हसतेयस," छोटू म्हणाला.

"वरचा सूर सातव्या खेपेला बरोबर लागला, म्हणून हसले. मला लाज वाटली. दादाला म्हटलं, हे काप. त्याने माझ्यासमोर कापलं, ह्याच खोलीत. कंपनीकडे गेलेल्या सीडीत हे हसू नाहीये, छोटू. हसू असलेली, कापण्याआधीची तबकडी एकच होती. ती वर, ह्या घरात होती."

छोटूला उलगडायला वेळ लागला. तो ताईकडे पाहत राहिला, मग दादाच्या पाठीकडे. "म्हणजे चोरी घरातून झाली?"

"भावोजी, इतक्या वर्षांनी आता काय ते उकरून काढायचं," वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "मी चहा टाकते."

"आई, थांब." भिंगरीने केबल मांडीवर ठेवली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता गोंधळ होता. "आत्या, तू हे असं का विचारतेयस? मीच टाकली होती गाणी. तुला माहीत आहे ना."

"काय माहीत आहे मला?"

"हेच. मी टाकली ते."

ताईने टेबलाची कड धरली. "मला कसं माहीत असणार, भिंगरे? मला तर शुक्रवारपर्यंत हेही माहीत नव्हतं, की ही गाणी कुणी ऐकली आहेत."

भिंगरीच्या तोंडचा रंगच उडाला. तिने आईकडे पाहिलं. आईचीही तीच गत झाली होती.

"नीट सांग," ताई म्हणाली. "पहिल्यापासून."

भिंगरीने सांगितलं. सोळा वर्षांची होती तेव्हा. त्या वर्षी वर्गातली सगळीच मुलं नेटवरून गाणी उतरवायची. कुणाच्या बापाचं काही जातंय असं कुणाला वाटतच नसे. एका मुलीने तिला हिणवलं होतं: तुझी आत्या गाते म्हणजे कुठे गाते, न्हाणीघरात? ते भिंगरीला झोंबलं. वरच्या कपाटातली तबकडी काढून तिने नऊच्या नऊ गाणी नेटवर चढवली. एका गाण्याला पाऊण तास लागायचा. शनिवार-रविवार ती जागची हलली नाही.

"मला वाटलं, वर्गातल्या पाचसहा जणी ऐकतील आणि गप्प बसतील. आठ दिवसांनी बसमध्ये एक मुलगा तुझं गाणं गुणगुणत होता. मी ओळखतही नव्हते त्याला. मला इतका आनंद झाला, आत्या! तुला येऊन सांगणार होते."

"आणि सीडी बाजारात कधी यायची होती?" छोटूने विचारलं.

"तीन आठवड्यांनी."

"तीन आठवडे आधी! अगं, डोकं फिरलं होतं का तुझं? सगळ्यांकडे फुकट आलेली गाणी दुकानात जाऊन कोण घेणार? सत्यानाश केलास ताईचा!"

"सोळा वर्षांची होती ती!" वहिनी ताडकन म्हणाल्या. "आणि तुम्ही, भावोजी? मोबाइलच्या दुकानातून अख्खं कार्ड भरून आणायचात ना? हजार गाणी, हजार गाणी म्हणून घरभर नाचवत होतात."

"ते वेगळं."

"काय वेगळं, सांगा ना."

हाताला चिकटलेला फोमचा चुरा झटकत छोटू खालच्या आवाजात म्हणाला, "ती गाणारी माणसं आपल्या ओळखीची नव्हती."

ताईला आश्चर्य वाटलं, की भिंगरीचा राग येत नाहीये. राग येण्याआधी तिला एक गोष्ट कळायला हवी होती. "भिंगरे, मला माहीत आहे असं तुला कुणी सांगितलं?"

भिंगरीचे डोळे भरून आले. "बाबांनी. म्हणाले, आत्याला मी सगळं सांगितलंय. तिने तुला माफ केलंय, पण तिच्यापुढे पुन्हा विषय काढायचा नाही, तिला त्रास होतो. मी एकवीस वर्षं नाही काढला."

"मलाही तेच सांगितलं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातात अर्धवट गुंडाळलेला माइक तसाच होता. "तुम्ही गाणं सोडलंत तेव्हा मला वाटायचं, आमच्यावरच्या रागाने सोडलंत. तोंडाने एक शब्द काढत नाही, केवढं मोठं मन, असं म्हणायचे मी."

आता सगळे दादाकडे वळले.

दादाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, तो मिक्सरच्या उतारावरून घरंगळून जमिनीवर पडला. त्याने तो उचलला नाही. ताईहून तो सात वर्षांनी मोठा, तरी घरातल्या रीतीने तोही तिला ताईच म्हणायचा. आता त्याला तेही म्हणता येईना.

"कंपनीचा माणूस आला होता," तो अखेर बोलला. "तबकडी माझ्याकडची आहे हे त्याला हसण्यावरूनच कळलं. चौकशी करू म्हणाला, पोलिसांत देऊ. चोर सापडला की ताईंचं दुसरं रेकॉर्डिंग आपण लगेच करू, असंही म्हणाला. मी घरी विचारलं तर हिने कबूल केलं. मी काय करणार होतो? परत जाऊन त्याच्या हातापाया पडलो, चौकशी नको म्हटलं. तो म्हणाला, मग तुमचा आमचा संबंध संपला. तुमचा आणि तुमच्या बहिणीचाही."

"दुसरं रेकॉर्डिंग?" ताईचा आवाज तिलाच परका वाटला.

"हो."

"आणि मला काय सांगितलंस तू?"

"आता ते कशाला..."

"सांग. ह्यांना ऐकू दे."

मग ताईनेच सांगितलं. तिला शब्दन् शब्द पाठ होता. "मी तिथे, त्या खुर्चीत बसले होते. खोकी परत आली त्या दिवशी. तू म्हणालास, लोकांना आवडलं नाही गं. तुझा आवाज चांगला आहे, पण असा आवाज आता चालत नाही. स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, शाळेची नोकरी आहे ना."

"असं म्हणालात तुम्ही?" वहिनींनी विचारलं. नवऱ्याच्या बाजूने उभं राहण्याची त्यांची जन्माची सवय. त्या दोन पावलं मागे सरून ताईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मुलीला वाचवायला खोटं बोललात, ते मी समजू शकते. पण हेच खोटं? दुसरं काही सुचलं नाही?"

"दुसरं काहीही सांगितलं असतं तर ती विचारत राहिली असती!" दादा एकदम मोठ्याने बोलला. "कंपनीत गेली असती, दुकानदारांना भेटली असती. हे सांगितलं की ती विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

ताई स्पीकरच्या खोक्यावर बसली. त्या दिवसानंतर कितीतरी महिने ती घरी एकटी असताना स्वतःचा आवाज टेप करून ऐकत असे, आरशात नाक कुठे वाकडं आहे ते शोधावं तशी. कधी वाटे खालचे सूर पोकळ आहेत, कधी वाटे श्वास ऐकू येतो. शेवटी तिला दोष सापडला होता. शोधत बसलं की सापडतोच. शाळेच्या कार्यक्रमात मुख्याध्यापिका दरवर्षी गायचा आग्रह करत आणि ती दरवर्षी घसा बसल्याचं सांगे. आणि ह्याला ठाऊक होतं, की ती विचारणार नाही!

"मला मुलगी वाचवायची होती," दादा म्हणाला.

"वाचवायचीच होती. मी नको म्हटलं असतं का? कंपनीच्या माणसापुढे मीच जाऊन उभी राहिले असते. गाणी माझी आहेत, मुलगी आमची आहे, जा म्हटलं असतं."

"हे तू आता म्हणतेयस."

"विचारतोयस आता, म्हणून आता म्हणतेय."

छोटूने मधे पडायचा प्रयत्न केला. वडिलांच्या पश्चात ह्या घरातली भांडणं मिटवायचं काम त्याच्याकडेच आलं होतं. "जाऊ दे ना, ताई. दादाचं चुकलं, तो कबूल करतोय..."

"तू मधे पडू नकोस, काका," भिंगरी म्हणाली. ती बापाकडे पाहत होती. "बाबा, मी सोळा वर्षांची असताना केलेल्या गोष्टीची मला लाज आहे. पण मला माफी तरी मागता आली असती. तुम्ही तीही मागू दिली नाहीत."

दादाने बहिणीकडे पाहिलं. "तुला माझ्याकडून काय हवं ते सांग, ताई. काहीही सांग."

"काही नको. ते स्क्रू काढ. छोटूची शिडी धर, तो पडेल एखादे वेळी. मला आत्ता तुझ्याकडे बघवत नाही, एवढंच."

ती पर्स उचलून बाहेर पडली. दुपारचं ऊन डोळ्यांवर आलं. समोरचा दुकानदार फळी लावून जेवायला निघाला होता. त्याने नेहमीसारखी मान हलवली, तिनेही हलवली. भिंगरी चपला हातात घेऊन पळत आली.

"आत्या, माझ्याकडे बघवतं का?"

"तुझ्याकडे बघायला जरा वेळ लागेल. पण बघेन." मग ताई म्हणाली, "गाडी आणलीयस ना? मला एके ठिकाणी जायचंय. तूही चल. तुझंच काम आहे तिथे."

वाटेत तिने सांगितलं. रेकॉर्डिंगमध्ये बासरी वाजवणारे काका हॉटेलात रोज वाजवायचे. ह्या नऊ गाण्यांसाठी त्यांनी ती नोकरी सोडली, ह्यातून नाव होईल म्हणून. नाव झालं नाही, नोकरीही परत मिळाली नाही. ते कुरियरच्या काउंटरवर पाकिटं घेत बसले. ताईला वाटे, आपल्या आवाजाने त्यांनाही बुडवलं. ते रस्त्यात दिसले, की ती पलीकडच्या फुटपाथवर जायची.

"हे कुणीच सांगितलं नाही मला," भिंगरी म्हणाली. "मी फक्त तुझाच विचार केला होता, आत्या. बाकी कुणी त्यात होतं, हे डोक्यातच आलं नाही."

टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ते राहत. दार त्यांनीच उघडलं. खूप वाळले होते. ताईला पाहून ते एक पाऊल मागे सरकले, जणू काही चुकीचं केल्यासारखे.

"या," ते म्हणाले. "बसा. काही झालंय का?"

ताईने सगळं सांगितलं. एक्स-रेवाला, होस्टेल, हसू, दादा. दोष दिला नाही, गाळलंही काही नाही. भिंगरी शेजारी मान खाली घालून बसली होती. ते संपेपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"लोकांनी ऐकलं?" त्यांनी विचारलं. "माझी बासरी?"

"गेल्या दोन दिवसांत मी पाच जणांना विचारलं. तिघांनी ऐकलीय."

"मला वाटायचं, माझ्यामुळे बुडाली तुमची सीडी." ते म्हणाले. "सातव्या गाण्यात मी जरा मागे पडलो होतो. आयुष्यभर तेच घोकत आलो. तुम्ही रस्त्यात दिसलात, की मी एखाद्या दुकानात शिरायचो. तोंड कसं दाखवणार?"

ताई थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिली. एकाच रस्त्यावर एकवीस वर्षं दोन माणसं एकमेकांना टाळत होती, आणि दोघांनाही एकच खोटं पुरलं होतं.

"काका," भिंगरी म्हणाली, "गाणी मी टाकली. मी माफी मागायला आलेय. तुम्ही काही म्हणाल ते..."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. ते तिच्याकडे पाहत राहिले. त्यात राग किती आणि काय, ते ताईला कळेना. मग त्यांनी विचारलं, "त्या गाण्यांवर माझं नाव येतं का कुठे?"

"नाही, काका. मी नुसते आकडे टाकले होते. एक, दोन, तीन. कुणाचंच नाव नाही. आत्याचंही नाही."

"असं," ते म्हणाले. एवढंच. पण ताईला ते लागलं. इतक्या लोकांनी ऐकलं आणि कोण गातंय, कोण वाजवतंय, हे एकालाही ठाऊक नाही.

"परत घेता येतात का ती गाणी?" त्यांनी विचारलं.

"नाही. हजारो ठिकाणी गेली आहेत. पण माझ्या नावाने लिहिता येईल. ही गाणी मी चोरली होती आणि ती ह्या माणसांची आहेत, असं. जिथे जिथे सापडतील, तिथे तिथे लिहीन. आजपासून लिहीन."

"मग लिहा." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, ताठ बसले, आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव एकेक करून सांगितलं. भिंगरी फोनवर उतरवत होती. त्यांनी वाकून पाहिलं आणि एक वेलांटी दुरुस्त करून घेतली. "पुढे 'बासरी' लिहा."

मग व्हायोलिनवाल्याचं नाव. तो वारला होता. त्याचं आडनाव दोघांनी मिळून आठवलं. गिटारवाल्याचं. तालवाद्यं वाजवणाऱ्या दोघा भावांची. ताईने स्वतःचं नाव सांगितलं तेव्हा तिचा आवाज मुळीच कापला नाही.

"झाली सगळी?" भिंगरीने यादीवरून बोट फिरवलं, आणि ती अडखळली. "आत्या... ध्वनिमुद्रण?"

खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. ताई खिडकीकडे पाहत बसली. त्या नऊ गाण्यांत तिचा प्रत्येक श्वास जिथल्या तिथे ऐकू येत होता, आणि तो तसा ऐकू यावा म्हणून कोण आठ महिने त्या खोलीत कान लावून बसलं होतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"घाल," ती म्हणाली. आणि तिने दादाचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एखाद्या परक्या माणसाचं सांगावं तसं.